गस्तीवर कोण होतं?

जो सॅकोचं 'सेफ एरिया गोराझ्दे' मी पहिल्यांदा फोनवर वाचलं, आणि चुकीचं वाचलं.

झालं असं की माझ्या फोनला कायम डार्क मोड असतो. दिवसभर काळ्या स्क्रीनवर कोड बघायची सवय, त्यामुळे पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो. लोकलमध्ये उभ्या उभ्या मी पानं सरकवत होतो आणि काही केल्या कळेना की आत्ता चाललेली गोष्ट कोणती आणि तीन वर्षांपूर्वीची कोणती. दोनेक आठवड्यांनी एका मित्राकडून कागदी प्रत मिळाली तेव्हा उलगडा झाला. सॅकोनं वर्तमानातल्या पानांचे समास पांढरे ठेवलेत आणि लोकांनी सांगितलेल्या आठवणींच्या पानांचे काळे. पुस्तक मिटून कडेनं बघितलं तरी काळे थर दिसतात. माझ्या फोनवर ते काळे समास अॅपच्या काळ्या पार्श्वभूमीत मिसळून गेले होते.

तुम्ही हे पुस्तक वाचणार असाल तर पहिली सूचना हीच: डार्क मोड बंद करा. दुसरी सूचना शेवटाकडे सांगतो. ती मला माझ्या घरातून मिळाली.

गाव आणि नदी

सॅको मूळचा माल्टाचा, राहतो अमेरिकेत. तो चित्रांतून पत्रकारिता करतो. म्हणजे युद्धाच्या जागी जातो, लोकांशी तासन् तास बोलतो, फोटो काढतो, टिपणं घेतो आणि घरी येऊन काही वर्षं ते सगळं हातानं काढत बसतो. गोराझ्देला तो १९९५च्या अखेरीस आणि १९९६च्या सुरुवातीला चार वेळा जाऊन आला. पुस्तक आलं २००० साली. सव्वादोनशे पानांच्या आसपास, सगळं काळ्यापांढऱ्यात.

गोराझ्दे पूर्व बोस्नियात, द्रिना नदीच्या काठावर. युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा १९९१च्या जनगणनेत या तालुक्यात साधारण ३७ हजार माणसं होती. त्यातले ७० टक्के मुस्लिम, २६ टक्के सर्ब. बोली एक, शाळा एक, कारखाने एक. सर्बियाची हद्द इथून फार लांब नाही, आणि गावाचं दुर्दैव त्यातच होतं. मे १९९२ मध्ये बोस्नियातल्या सर्ब नेत्यांनी आपली सहा उद्दिष्टं ठरवली. त्यातलं एक होतं द्रिनाचं खोरं ताब्यात घेऊन ही नदी सीमा म्हणून मिटवून टाकणं. नदीच्या दोन्ही बाजूंना आपलेच लोक हवेत, असा त्याचा सरळ अर्थ. जे आपले नव्हते त्यांचं काय करायचं, याचं उत्तर त्याच नदीवरच्या विशेग्रादनं आणि फोचानं दिलं. विशेग्रादचा पूल म्हणजे इवो आन्द्रिचच्या कादंबरीतला पूल. ज्यांनी त्या पुलावर माणसं मारली जाताना पाहिली ते पळून गोराझ्देत आले, आणि सॅकोच्या काळ्या समासाच्या पानांत ते बोलतात.

आजूबाजूची गावं पडत गेली आणि गोराझ्दे बेट होऊन उरलं. निर्वासित धरून पन्नास हजारांहून जास्त माणसं, चारी बाजूंच्या टेकड्यांवर तोफा, साडेतीन वर्षं. गाव शेवटपर्यंत पडलं नाही.

बचाव म्हणजे नक्की काय

हे गाव वाचवलं कुणी? सुरुवातीला तरी सैन्यानं नव्हे, कारण सैन्य नव्हतंच. बोस्नियाची सेना कागदावर एप्रिल १९९२ मध्ये उभी राहिली. गोराझ्देत जे उभे राहिले ते मास्तर, कामगार, ड्रायव्हर, कॉलेजातली पोरं.

यामागे थोडा इतिहास आहे. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि टिटोला धडकी भरली. त्यानंतर युगोस्लाव्हियानं 'प्रादेशिक संरक्षण' नावाची व्यवस्था उभी केली. प्रत्येक तालुक्याचं, मोठ्या कारखान्याचं आपलं दल आणि आपला शस्त्रसाठा. बाहेरचा शत्रू आला तर गावागावानं लढायचं. पण १९९० मध्ये, युद्धाच्या दोन वर्षं आधी, युगोस्लाव्ह सैन्यानं या दलांची शस्त्रं काढून स्वतःच्या कोठारात ठेवायला सुरुवात केली. पुढे सप्टेंबर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. ऐकायला ती समान वाटते. पण एका बाजूकडे आख्ख्या सैन्याची कोठारं होती आणि दुसरीकडे शिकारीच्या बंदुका. अशा वेळी दोघांनाही 'आता नवीन काही घेऊ नका' म्हणणं म्हणजे त्या क्षणाचा हिशोब गोठवून टाकणं.

म्हणजे गावाकडे सवय होती, संघटना कशी करायची याची आठवण होती, हत्यारं नव्हती. युद्धपट असता तर इथून पुढे धाडसी हल्ले सुरू झाले असते. सॅको बघतो ते वेगळंच, आणि पुस्तकाचं मोठेपण मला तिथे दिसतं. तो बचावाची रोजची कामं काढतो.

त्याचा वाटाड्या आणि दुभाषा आहे एदिन. सारायेवोत इंजिनिअरिंग शिकत होता, शेवटच्या टप्प्यात युद्ध आलं आणि पदवी अडकली. युद्धात तो आघाडीवर पाळी करतो आणि गावात पोरांना गणित शिकवतो. मी स्वतः इंजिनिअर, शेवटच्या सेमिस्टरला एक विषय राहिला म्हणून सहा महिने रडलेलो. त्यामुळे एदिनशी माझी पहिल्या प्रकरणातच मैत्री झाली. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे हीच मैत्री मला अडचणीची ठरली.

एदिन सांगतो ते ग्रेबाकच्या वाटेबद्दल. पहिल्या हिवाळ्यात गावातलं अन्न संपलं. शत्रूच्या रेषांमधून, डोंगरातून, रात्री, बर्फातून ग्रेबाक नावाच्या ठिकाणी चालत जायचं, तिथून पीठ नाहीतर दारूगोळा पाठीवर घ्यायचा आणि परत यायचं. वाटेत दमून जो बसला तो झोपायचा, आणि जो झोपला तो गोठून जायचा. सॅको या चालण्याला पानंच्या पानं देतो. वाकलेल्या पाठी, एकामागे एक, शाईच्या बारीक रेघांनी भरलेलं अंधारं आभाळ. लढाईपेक्षा जास्त जागा त्यानं ओझ्याला दिली आहे. गाव लढवायचं म्हणजे आधी गावाला जेवू घालायचं, ही गोष्ट मी इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुठल्या युद्धाच्या पुस्तकात पाहिली नाही.

आणि त्या पाणचक्क्या! वीज गेल्यावर लोकांनी द्रिनाच्या पात्रात लाकडी चाकं सोडली, ती पुलाला दोरांनी बांधली आणि त्यांना गाड्यांचे अल्टरनेटर जोडले. नदी चाक फिरवणार, चाक अल्टरनेटर फिरवणार, तारेनं घरात एखादा दिवा किंवा रेडिओ. त्याला ते 'मिनी-सेंत्राला' म्हणायचे. सॅकोनं ती चाकं, ते तराफे इतके तपशिलात काढलेत की बघून जोडणी समजते. मी त्या पानावर अर्धा तास होतो. नंतर लक्षात आलं की हे कौतुक करताना मी टेकडीवरची तोफ विसरलो होतो. सॅको विसरत नाही. त्याच्या बहुतेक मोठ्या चित्रांत घरांच्या भिंतींवर गोळ्यांचे खड्डे आहेत, आणि त्याच भिंतींच्या पुढ्यात लोक लाकडं फोडत असतात.

यात हसूही आहे. गावातल्या मुलींना सारायेवोहून खऱ्याखुऱ्या लीव्हाइस ५०१ जीन्स हव्या असतात आणि सॅकोच्या मागे त्यांचा लकडा असतो. रिकी नावाचा एक सैनिक इंग्रजी गाणी घसा फोडून म्हणत असतो. या पोरांना शौर्यात काडीचा रस नाही. त्यांना कंटाळा आलाय आणि त्यांना बाहेर पडायचंय. सॅको मात्र पत्रकाराचं ओळखपत्र दाखवून यूएनच्या ताफ्याबरोबर हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो. ही लाज तो लपवत नाही. स्वतःचं चित्र काढताना तो चष्म्यामागे डोळे काढतच नाही. दोन कोऱ्या काचा. बाकी सगळ्यांचे डोळे दिसतात, बघणाऱ्याचे दिसत नाहीत.

'सुरक्षित' या शब्दाची किंमत

पुस्तकाच्या नावातला 'सेफ एरिया' हा सॅकोचा टोमणा आहे, पण तो सरकारी शब्दही आहे. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. मे महिन्यात त्यात सारायेवो, तुझ्ला, झेपा, बिहाच आणि गोराझ्दे जोडले. या क्षेत्रांवरचे हल्ले रोखायचे तर सुमारे ३४ हजार जादा सैनिक लागतील, असं लष्करी अधिकाऱ्यांनी सांगितलं. परिषदेनं मंजूर केले सुमारे ७,६००. आपल्याकडे क्लायंट जसं म्हणतो की फीचर सगळी हवीत, टीम एवढीच, तारीख तीच, तसंच हे. फरक इतकाच की आपली रिलीज पडली तर कुणी मरत नाही.

(जाता जाता: युगोस्लाव्हियातल्या यूएन दलाचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. ते मार्च १९९३ मध्ये परतले. गोराझ्देला 'सुरक्षित' हे बिरुद त्यानंतर दोन महिन्यांनी मिळालं.)

एप्रिल १९९४ मध्ये सर्ब सैन्यानं गोराझ्देवर मोठी चढाई केली. नाटोनं तिथे जे बॉम्ब टाकले ते त्या संघटनेच्या इतिहासातले जमिनीवरच्या लक्ष्यांवरचे पहिले. ते मोजकेच होते आणि चढाई त्यानं लगेच थांबली नाही. दवाखान्यावर गोळे पडत राहिले. सॅको या प्रकरणात डॉक्टर, नर्स, सैनिक, शेजारी सगळ्यांचे तुकडे एकापुढे एक लावतो आणि पानांचे चौकोन तिरके, दाटीवाटीचे होत जातात. एरवी तो शिस्तीचा चित्रकार आहे, इथे पान बसवतानाच घुसमट होते.

पुढच्या वर्षी, ११ जुलै १९९५ला, स्रेब्रेनित्सा पडलं. आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. दोन आठवड्यांत झेपा पडलं. द्रिनेच्या खोऱ्यात उरलं फक्त गोराझ्दे.

इथे एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो, आणि इंटरनेटवर तो अनेक जण काढतात. स्रेब्रेनित्सात १९९३ मध्ये निःशस्त्रीकरणाचा करार झाला, गोराझ्देतल्यांनी बंदुका ठेवल्या, म्हणून ते वाचले. म्हणून प्रत्येक गावानं बंदूक घ्यावी. मला हा निष्कर्ष अर्धाच वाटतो. गोराझ्देतल्या लोकांनी लढून वेळ मिळवला हे खरं, आणि तो नसता मिळवला तर वाचवायला कुणी उरलंच नसतं हेही खरं. पण स्रेब्रेनित्सानंतर, २१ जुलै १९९५ला, लंडनमध्ये पाश्चात्त्य देशांनी बसून 'गोराझ्देला हात लावाल तर हवाई हल्ले करू' असं बजावलं, तेही त्यात आहे. आणि डेटनच्या वाटाघाटींत गावाला सारायेवोशी जोडणारा पट्टा मिळाला, तेही. गावाचा बचाव गावानं सुरू केला. तो संपवायला गावाबाहेरचे लागले, आणि ते येईपर्यंत आठ हजार माणसं दुसऱ्या गावात मेली होती.

सॅको हा हिशोब मांडून दाखवत नाही. त्याचे लोक फक्त विचारत राहतात की आम्हाला कुणासाठी तरी विकून तर टाकणार नाही ना. १९९५च्या शरदात, वाटाघाटी चालू असताना, गोराझ्देच्या लोकांना रोज रात्री हाच प्रश्न होता.

एदिनचं 'आम्ही'

आता माझी तक्रार.

एदिनचं घर गावाच्या कडेला, कोकिनो सेलो वस्तीत. तिथे सर्ब आणि मुस्लिम शेजारी शेजारी राहत. मे १९९२ मध्ये पहिला हल्ला झाला, आणि हल्लेखोरांत त्याचे ओळखीचे शेजारी होते. या पानांइतकं भयंकर पुस्तकात फार थोडं आहे. ज्याच्याबरोबर आपण लहानाचे मोठे झालो त्याचा चेहरा समोरून बंदुकीच्या मागे दिसणं. एदिन चिडत नाही, ओरडत नाही. त्याला ते कळत नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो.

एदिनवर माझा विश्वास आहे. सॅकोचाही आहे, आणि इतका आहे की गोराझ्देच्या बचावातलं 'आम्ही' नक्की कसं तयार झालं हे तो फारसं विचारत नाही. जे थोडे सर्ब गोराझ्देतच राहिले, त्यांना तो भेटतो. पण सव्वादोनशे पानांत त्यांना मोजकीच पानं मिळतात. ज्या सैन्यानं वेढा घातला ते त्यांच्या नावानं आलं होतं, आणि गोळे त्यांच्याही छपरावर पडत होते. पाण्याच्या रांगेत त्यांच्याकडे लोक कसे बघत? गस्तीला त्यांना घेत का? घेतलं नाही तर कुणी ठरवलं?

वेढ्यातल्या माणसाला हे प्रश्न विचारणं क्रूर आहे, हे मला कळतं. मारणारे कोण आणि मरणारे कोण याबद्दल पूर्व बोस्नियात संदिग्धता नाही, आणि 'दोन्हीकडून चुका झाल्या' असलं गुळगुळीत वाक्य मला लिहायचं नाही. तरी प्रश्न उरतो, कारण गावाचं संरक्षक दल ज्या क्षणी उभं राहतं त्याच क्षणी ते गाव म्हणजे कोण हेही ठरवतं. पहारा दोन बाजूंना तोंड करून असतो.

गंमत म्हणजे हा प्रश्न सॅकोला स्वतःलाही पडला असावा. २००३ साली त्याचं 'द फिक्सर' आलं. आकारानं लहान, जागा सारायेवो. इथला वाटाड्या नेवेन. बाप सर्ब, आई मुस्लिम, लढला सारायेवोच्या बाजूनं, तेही चेलो या टोपणनावाच्या, युद्धाआधी गुन्हेगारी जगतात वावरलेल्या म्होरक्याच्या टोळीत. १९९२ मध्ये शहराला सैन्य नव्हतं तेव्हा शहर वाचवलं ते अशा टोळ्यांनीही. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग त्याच टोळ्या दुकानं लुटायला लागल्या, नागरिकांना रस्त्यावरून उचलून आघाडीवर खंदक खणायला नेऊ लागल्या. त्सात्सो या टोपणनावाच्या मुशान तोपालोविचच्या माणसांनी शहरातलेच नागरिक, बहुतांश सर्ब, मारून त्रेबेविच डोंगरावरच्या काझानी नावाच्या दरडीत टाकले. ऑक्टोबर १९९३ मध्ये बोस्नियाच्या सरकारनंच कारवाई केली, त्यात त्सात्सो मारला गेला. काझानीच्या बळींचं स्मारक शहरानं उभारलं ते २०२१ मध्ये. त्यावर मेलेल्यांची नावं आहेत, मारणाऱ्यांची नाहीत.

'द फिक्सर'मध्ये सॅकोची रेघ तीच आहे, विश्वास वेगळा आहे. नेवेन पैसे मागतो, फुशारक्या मारतो, आणि त्याच्या गोष्टी किती खऱ्या हे सॅकोला शेवटपर्यंत ठरवता येत नाही. बऱ्याच समीक्षकांना हे पुस्तक 'गोराझ्दे'पेक्षा उणं वाटतं. कलाकृती म्हणून मलाही वाटतं. पण दोन्ही लागून वाचली तर दुसरं पहिल्याचं राहिलेलं प्रकरण वाटतं. एदिन सांगतो की गावाचे रक्षक कशासाठी उभे राहिले. नेवेनकडून कळतं की त्यांना कुणी विचारणारं नसलं तर ते काय होतात.

आमच्या चाळीतला पहारा

हे मला का बोचलं ते सांगतो.

आमच्या घरी एक गोष्ट आहे. दर गणपतीत, सगळे जमले की बाबा ती सांगतात. जानेवारी १९९३. गिरणगावातली आमची चाळ. मुंबई पेटलेली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे ९०० माणसं मेली, हा पुढे श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. चाळीतल्या पुरुषांनी रात्रीची गस्त लावली. हॉकी स्टिक, ट्यूबलाइट, सोड्याच्या बाटल्या. दोन दोन तासांच्या पाळ्या, जिन्याखाली स्टो, पहाटे तीनला चहा. परवलीचा शब्द रोज बदलायचा आणि एका रात्री परवलीचा शब्द विसरल्यामुळे आमच्या आत्याचे यजमान रात्रभर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर बसून राहिले. इथे सगळे हसतात. मीही लहानपणापासून हसत आलोय.

मुंबईची दंगल म्हणजे बोस्नियाचं युद्ध नव्हे. तशी तुलना करणं दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय आहे. पण तो हिवाळा तोच होता. एदिन ग्रेबाकच्या वाटेवर होता तेव्हा माझे बाबा हॉकी स्टिक घेऊन जिन्यात बसले होते. दोघांचंही वय साधारण माझ्या आजच्या वयाइतकं.

आणि आमच्या चाळीत तळमजल्यावर एक टेलर होते. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. माझ्या आईबाबांच्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवलेले. मी जन्मलो तेव्हा ते तिथे नव्हते. मला फक्त इतकंच माहीत होतं की 'दंगलीनंतर ते गेले'.

दुसऱ्यांदा पुस्तक वाचून झाल्यावर एका रविवारी मी बाबांना विचारलं, "बाबा, मास्टर होते का तुमच्या गस्तीत?"

बाबा पेपर वाचत होते. म्हणाले, "होता ना. पहिल्या दोन रात्री होता."

"आणि मग?"

"मग नाही आला."

"तुम्ही नको म्हणालात की ते आले नाहीत?"

बाबांनी पेपराचं पान उलटलं. "कुणी काही म्हणालं नाही रे. तसं कुणी तोंडावर म्हणतं का?"

आई स्वयंपाकघरात होती. तिथूनच म्हणाली, "त्यांची मशीन तीन महिने आपल्याकडे होती. पलंगाखाली. मास्टर एप्रिलमध्ये येऊन घेऊन गेले. चहा नाही घेतला त्यांनी."

मशीनची ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. गणपतीतल्या गोष्टीत ती नसते.

मी बाबांना दोषी धरून हे लिहीत नाहीये. त्यांना त्या रात्री खरंच भीती वाटत होती, आजीला दमा होता, आई नवीन लग्न होऊन आलेली. ते जिन्यात बसले म्हणून आमचं घर रात्री झोपू शकलं. मास्टरची मशीन पलंगाखाली ठेवून घेणारेही तेच. पण तिसऱ्या रात्री त्या जिन्याखालचा चहा पिताना एक माणूस कमी होता, आणि तो का कमी आहे हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित काहीच बदललं नसतं. तरी तीस वर्षं चालत आलेल्या गोष्टीत तेवढा एक प्रश्न मावायला हवा होता.

तर पुस्तक कसं आहे

फार चांगलं आहे. बोस्नियाबद्दल काहीच माहीत नसेल तर यापेक्षा चांगली सुरुवात मला ठाऊक नाही. अधेमधे येणारी इतिहासाची प्रकरणं थोडी पाठ्यपुस्तकी आहेत, चौकोनात मजकूर ठासून भरलाय, पण ती ओलांडू नका. ती नसतील तर पुढचे शेजारी कळणार नाहीत. सॅकोची माणसं काही वेळा जरा जास्तच वेडीवाकडी दिसतात अशी तक्रार होते, त्याच्या आधीच्या 'पॅलेस्टाइन'मध्ये ती रास्त होती. इथे त्यानं हात आवरलाय. एकट्या स्वतःला सोडून बाकी कुणाला त्यानं व्यंगचित्र केलेलं नाही.

त्याची मर्यादा मला दिसते ती एका मित्रावरच्या प्रेमातून आलेली आहे, आणि असं प्रेम नसतं तर ग्रेबाकच्या वाटेची ती पानंही आली नसती. सॅको पुढे भारतातही येऊन गेला. २०१३च्या मुझफ्फरनगर दंगलीवरचं त्याचं पुस्तक अलीकडेच आलंय. ते मी अजून वाचलेलं नाही. हातात घेईन तेव्हा आधी गस्तीची पानं शोधेन.

आणि ती राहिलेली दुसरी सूचना. 'गोराझ्दे' संपलं की लगेच 'द फिक्सर' वाचा, मध्ये खंड नको. मग घरातल्या मोठ्या माणसांना त्यांची एखादी आवडती, हसत सांगितली जाणारी, धाडसाची गोष्ट पुन्हा सांगायला लावा. आणि त्या रात्री पहाऱ्यावर कोण कोण होतं, त्यांची नावं विचारा. सगळी.

यंदाच्या गणपतीत बाबांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. परवलीच्या शब्दावर सगळे हसले. मग बाबा थोडं थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्या दोन रात्री आपले मास्टरही होते." कुणीतरी विचारलं, "कोण मास्टर?" आणि आई मशीनबद्दल सांगायला लागली.